व्हॉल्व्हपर्यंतचं अंतर

गॅस सुटला की धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा, ही शीतगृहातल्या कामगारांची फार जुनी सवय. गेल्या शंभरेक वर्षांत फ्रिजातले वायू बदलले, मास्क बदलले, नियमांची जाडजूड पुस्तकं आली. या सवयीने घेतलेल्या बळींची नोंद मात्र मधूनमधून होतच राहिली.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या घरगुती फ्रिजांत सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरलेला असे. सल्फर डायऑक्साइड निदान नाकाला झोंबून माणसांना घराबाहेर तरी पिटाळायचा. मिथाइल क्लोराइडचा वास इतका मंद की झोपेत तो कळणं कठीण. १९२९ मध्ये शिकागोत त्याच्या गळतीने माणसं घरातच मेली. पुढच्याच वर्षी थॉमस मिजली या अभियंत्याने शास्त्रज्ञांच्या सभेत फ्रिऑन हा फ्रिजासाठीचा नवा वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध! प्रयोग नाट्यपूर्ण होता, पण अर्धवटही. हवेहून जड असलेला हा वायू बंद तळघरात जमिनीलगत साचतो, प्राणवायूला बाजूला सारतो आणि आगीत सापडला तर त्याचेच विषारी वायू होतात. ओझोनचा हिशोब तर आणखी चव्वेचाळीस वर्षांनी उघडला.

बर्फाचे कारखाने आणि मोठी शीतगृहं यांनी अमोनिया कधी सोडलाच नाही. तो स्वस्त आहे, उष्णता भरपूर ओढतो आणि वासाने स्वतःच चहाडी करतो. हवेच्या दहा लाख भागांत तो पाचेक भाग असला तरी बहुतेकांना जाणवतो; तीनशे भागांना जिवाचा धोका सुरू होतो. सांधा गळतोय की नाही हे पाहायला गंधकाची पेटती बत्ती जवळ न्यायची आणि पांढरा धूर आला की ओळखायचं, ही जुन्या ऑपरेटरांची रीत. पाण्यात तो झपाट्याने विरघळतो, म्हणून पाण्याचा फवारा हे अग्निशमन दलाचं पहिलं हत्यार. इथे एक मेख आहे. फवारा हवेतल्या ढगावर मारायचा असतो. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी पडलं तर तो खदखदून उकळतो आणि ढग आणखी मोठा होतो. शिवाय अमोनिया हवेहून हलका असला तरी उणे ३३ अंशांवरून सुटलेला त्याचा गार, दमट ढग पुष्कळ वेळ जमिनीलाच बिलगून सरकतो. ‘हलका आहे, वर निघून जाईल’ या भरवशावर राहणाऱ्यांना तो छातीच्या उंचीवर गाठतो.

अमोनिया पेटतो, हे तर कित्येकांच्या गणतीतच नव्हतं. १७ सप्टेंबर १९८४ रोजी अमेरिकेत लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या एका शीतगृहात गळती थांबवायला रसायनरोधक पोशाख घातलेले दोन जवान आत गेले. बंद जागेत अमोनियाचं प्रमाण साधारण १५ ते २८ टक्क्यांदरम्यान गेलं की ठिणगीही पुरते. तिथे ती फोर्कलिफ्टची होती. स्फोटात दोघेही होरपळले, त्यांतला एक दगावला. पोशाख विषापासून वाचवणारा होता, ज्वाळेपासून नव्हता. आत जायचं तर आधी हवेतलं प्रमाण मोजायचं आणि वीज बाहेरूनच तोडायची, हा धडा अशा अपघातांतून आला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी घटना अमेरिकेतच, अलाबामातल्या मोबील शहराजवळच्या थिओडोरची आहे. २३ ऑगस्ट २०१०. आदल्या दिवशी तिथल्या शीतगृहाची वीज काही तास गेलेली. यंत्रणा पुन्हा चालू करताना ऑपरेटरने धोक्याच्या सूचना पुसून टाकल्या, त्यासरशी डीफ्रॉस्टचं चक्र अर्धवट तुटलं आणि गरम वायू व थंड द्रव पाइपात एकमेकांवर आदळले. छतावरचा बारा इंची पाइप फुटला आणि सुमारे साडेचौदा टन अमोनिया बाहेर पडला. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जवळच उघड्यावर, मेक्सिकोच्या आखातात सांडलेलं तेल साफ करणारे शेकडो कामगार होते. दीडशेहून अधिक जणांना बाधा झाली. चौकशी मंडळाच्या अहवालात मला खटकला तो पुढचा भाग: पाइप फुटल्यावरही सबंध यंत्रणा न थांबवता फुटका भागच शोधून वेगळा करण्याची खटपट चालली होती. अहवालाने निक्षून सांगितलं की गळती लगेच आवरत नसेल तर आणीबाणीचं बटण दाबा. उभ्या जन्मात एकदाच दाबायचं ते बटण! माल नासेल, मालक रागावेल, या भीतीने हात तिथे पोहोचतच नाही.

यंत्रणा बंद ठेवायची टाळाटाळ पुढेही नडली. कॅनडातल्या फर्नी गावच्या बर्फाच्या रिंकमध्ये १७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिघे मेले. तिथला चिलर गळतो आहे हे महिन्यांपूर्वी चाचणीत दिसलं होतं, तरी तो पुन्हा जोडला गेला. मेलेले तिघेही दुरुस्तीच्या कामावरचेच.

आपल्याकडचे १९८९ सालचे घातक रसायनांचे नियम भोपाळच्या वायुदुर्घटनेच्या पोटातून जन्मले. तिथल्या कारखान्यात विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणाच महिनोन्‌महिने बंद होती. मात्र या नियमांतली आपत्कालीन आराखड्याची सक्ती मोठ्या साठ्यालाच लागू होते. मासळीबंदराजवळचा किंवा वस्तीला चिकटलेला बर्फाचा कारखाना टन-दोन टन अमोनियावर चालतो, म्हणून तो त्या आराखड्यातून निसटतो. तिथे धावून जाणारा पहिला माणूस म्हणजे रात्रपाळीचा ऑपरेटर, आणि त्याच्या हाताशी कॅनिस्टरचा मास्क. तो मास्क बाहेर पळण्यापुरताच कामाचा. दाट गॅसमध्ये शिरायला हवेची टाकी पाठीवर लागते.

दरम्यान घरांत चक्र उलटं फिरतंय. तापमानवाढ करणारे वायू घटवण्याच्या २०१६च्या किगाली करारानंतर फ्रिज-एसीत आयसोब्युटेन, प्रोपेन, आर-३२ असे कमीअधिक पेटणारे वायू वाढत चालले आहेत. जुन्या वायूवर हात बसलेला मेकॅनिक गॅस भरताना टॉर्च पेटवतो, तेव्हा खिडकी आधी उघडली आहे का, एवढं विचारायला घरातल्या माणसाने लाजू नये.