बाजाची पेटी घेतांना

धाराशिव जिल्ह्यांत भजनी मंडळ नाहीं असें गांव विरळा. तेर येथें गोरोबाकाकांच्या देवळांतील भजन असो कीं आमच्या शाळेंतील सकाळची प्रार्थना असो, बाजाची पेटी उभयत्र हवीच. मुलाचा गळा बरा दिसूं लागला कीं पालक पेटी घेण्याचा विचार करितात व आमच्याकडे सल्ल्यास येतात. बहुधा त्यांचा पहिला प्रश्न आवाजाविषयीं असतो. आमच्या मतें तो दुसरा असावा.

याचें कारण पेटीच्या अंतरंगांत आहे. आंत एका लांकडी पाटीवर पितळेचे लहान चपटे तुकडे स्क्रूनें बसविलेले असतात. प्रत्येक तुकड्यास एक लांबट फट असून तिजवर एका टोकास जखडलेली पातळ जीभ असते. भात्यांतील हवा फटींतून वाट काढूं लागली कीं ही जीभ थरथरते आणि नाद उमटतो. या तुकड्यासच सूर म्हणतात. जिभेचें टोक किंचित् खरवडलें तर स्वर चढतो. मुळाशीं खरवडलें तर उतरतो. सूर काढून दुसरा घालतांही येतो. गुजराथेंतील पालिताणा गांव अशा सुरांच्या कारागिरीसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु ज्या पाटीवर सूर बसतात ती वाकली वा चिरली, तर सारी पेटीच उकलावी लागते.

हें ज्ञान आम्हांस फुकट मिळालें नाहीं. आमची पहिली पेटी नऊ खुंट्यांची, वर कोरलेले मोर, झिलई आरशासारखी. पुढें चार खुंट्या निव्वळ शोभेच्या निघाल्या. आवाज गोड व्हावा म्हणून कांहीं वर्षांनीं उत्तम सूर आणून घातले. पण पाटी ओल्या लांकडाची, उन्हाळ्यांत आकसलेली. नवे सूरही जुन्यासारखेच धापा टाकूं लागले. मोर गात नाहींत, हें तेव्हां कळलें.

म्हणून दुकानांत गेल्यावर प्रथम भाता चार-पांच वेळां मारून आंतील भाता भरावा व एकही पट्टी दाबूं नये. बाहेरचा भाता पुढें रेटवेना व आंतील भाता फुगलेलाच राहिला, तर पेटी हवाबंद समजावी. मग झांकण उघडून लांकूड पाहावें; आमच्याकडील कोरड्या उन्हाळ्यास मुरलेलें सागवान टिकतें. एकसुरी पेटी घेण्याचीच ऐपत असेल तरी पाटींत दुसऱ्या ओळीस जागा ठेवण्यास कारागिरास सांगावें. पुढें खर्जाचे सूर घालतां येतील. जागाच नसेल तर ते घालावे कोठें?

आतां आवाजाचा प्रश्न. बाजारांतील पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं, तर तंबोऱ्यांत ऐकूं येणारा गंधार ३०० कंपनांचा; पेटीचा मात्र सुमारें ३०२.४ चा, म्हणजे चढा. या दोषावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं श्रुतींचा अभ्यास केला व १९१० सालीं इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस बंदी केली, ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाहीं. पेटीस मींड काढतां येत नाहीं हाही तिच्यावर आक्षेप होताच. आज अनेक गवई व वादक पेटीचे सूर घांसवून गंधार शुद्ध करून घेतात. मात्र ही सोय एकाच षड्जापुरती असते. काळी दोन धरून लावलेली पेटी पांढरी चारला बेसूर वाटते, आणि पट्ट्या सरकवून षड्ज बदलणारी महागडी पेटी येथें उपयोगी पडत नाहीं.

मुलांच्या पालकांनीं हें विशेष ध्यानीं घ्यावें. तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा आवाज फुटतो व त्याचा षड्ज बराच खालीं येतो. तोपर्यंत साध्याच सुरांवर शिकूं द्यावें, सोबत तंबोरा ऐकवावा, म्हणजे कान पेटीच्या गंधाराला खरा मानणार नाहीं. आवाज स्थिरावला, त्याची पट्टी ठरली, कीं त्याच जुन्या पेटींत नवे सूर बसवून ते त्याच्या षड्जास लावून घ्यावे.