रक्तवाहिनींतील कोठार

खेळतांना गुडघा खरचटतो, रक्त येतें आणि थोड्याच वेळांत तें आपोआप थांबतें. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिचें आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं तें थांबत नाहीं, त्यांस त्याची किंमत कळते. फिनलंडांतील वैद्य एरिक फोन विलेब्रांड यांनीं १९२६ सालीं ऑलांड बेटांवरील अशाच एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या घरांतील कांहीं मुलें केवळ रक्तस्रावानें दगावलीं होतीं.

रक्तवाहिनीच्या आंतल्या अंगास पेशींचा एकेरी थर असतो. १९६४ सालीं वायबेल व पालादे या शास्त्रज्ञांस इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकांतून त्या पेशींत लहान लहान कांड्या दिसल्या. त्यांची लांबी मिलिमीटरच्या एक ते पांच हजारांश इतकीच असते. चात्यावर सूत गुंडाळावें, तसें एक प्रथिन या कांड्यांत घट्ट गुंडाळून ठेविलेलें असतें. त्यास फोन विलेब्रांड यांचेंच नांव आहे.

हें कोठार उघडतें केव्हां? जखम झाली म्हणजे तेथें थ्रॉम्बिन नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें. तें पेशीस स्पर्श करतांच पेशींतील मोकळ्या कॅल्शियमचें प्रमाण वाढतें. हा इशारा मिळतांच कांड्या पेशीच्या आवरणास जाऊन मिळतात व त्यांचें तोंड बाहेरच्या बाजूस उघडतें. रक्ताच्या ओघानें प्रथिनाचे लांब धागे उलगडतात, त्यांस रक्तांतील बिंबिका चिकटतात आणि जखमेचें तोंड बुजूं लागतें.

परंतु कोठार उघडण्याइतकेंच तें आवरणेंही महत्त्वाचें आहे. सर्व कांड्या एकदम रित्या होत नाहींत. शिवाय फाजील लांब धागे कापून टाकणारें एक निराळें द्रव्य रक्तांत असतें. तें नसेल तर बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन प्राणावर बेततें. प्रथिन उणें पडलें तर रक्त वाहत राहतें, धागे अनावर झाले तर रक्ताची वाट अडते.

या ज्ञानाचा लाभ रोग्यांसही झाला आहे. १९७७ सालापासून सौम्य विकार असलेल्या कित्येकांस डेस्मोप्रेसिन हें औषध देतात. त्यायोगें त्यांच्याच पेशींतील सांठा बाहेर पडतो. तेव्हां मुलाचा घोळणा वारंवार फुटत असेल, तर पालकांनीं कांदा हुंगवून स्वस्थ न बसतां डॉक्टरांस दाखवावें. परमेश्वरानें एका पेशींत ठेविलेली ही दक्षता ओळखणें व तिला साह्य करणें, हें आपलें कर्तव्य आहे.