पेटीतील तीन नग : नमुना तपासणीचे गणित

आपला हातकणंगले तालुका उसावर जितका जगतो, तितकाच कारखानदारीवरही जगतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रींमध्ये ओतीव लोखंडाचे सुटे भाग तयार होतात, इचलकरंजीत यंत्रमागावर कापड विणले जाते आणि हुपरीत चांदीचे दागिने घडतात. माल कोणताही असो, तो घेणारा आधी तपासून घेतो. या तपासणीवर कोणाचे बिल तर कोणाची मजुरी अवलंबून असते. म्हणून तिच्यामागील गणित प्रत्येक घराला ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. आम्ही इतिहासाचे शिक्षक असलो, तरी या विषयाचा पुरावा तपासण्याशी असलेला संबंध आम्हांस जवळचा आहे.

सगळाच माल का तपासत नाहीत, हा पहिला प्रश्न. ओतीव भागाच्या पोटात राहिलेली पोकळी, म्हणजे ब्लोहोल, बाहेरून दिसेलच असे नाही. तो भाग कापून पाहायचा ठरवले, तर प्रत्येक भाग कापावा लागेल आणि विकण्यास काहीच उरणार नाही. म्हणून थोडे नग नमुन्यादाखल घेतात आणि त्यांवरून सगळ्या पेटीचा निर्णय करतात.

एक उदाहरण घेऊ. पेटीत २० नग आहेत. त्यांपैकी ४ सदोष व १६ निर्दोष आहेत. तपासनीस न पाहता ३ नग उचलतो. तिन्ही निर्दोष निघण्याची संभाव्यता किती?

प्रथम २० नगांतून ३ नग किती प्रकारे उचलता येतील ते मोजू. पहिला नग २०, दुसरा १९ आणि तिसरा १८ प्रकारे निवडता येतो. गुणाकार ६८४० येतो. परंतु तेच तीन नग मागेपुढे करून ६ क्रमांनी उचलले, तरी हाती येणारा गट एकच असतो. म्हणून ६८४० ला ६ ने भागावे. उत्तर ११४०. क्रम न पाहता केलेल्या अशा निवडीला समचय म्हणतात. समचय मोजण्याचा नियम नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात दिलेला आहे.

याच रीतीने १६ निर्दोष नगांतून ३ नगांचे ५६० गट होतात. एक सदोष व दोन निर्दोष असे गट ४ × १२० = ४८०; दोन सदोष व एक निर्दोष असे ६ × १६ = ९६; तिन्ही सदोष असे ४. या चारही संख्यांची बेरीज ११४० येते, म्हणजे एकही गट सुटलेला नाही. ही बेरीज विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी करावी. चूक झाली असल्यास ती येथेच सापडते.

आता उत्तर पाहा. ५६० भागिले ११४० म्हणजे सुमारे ०.४९. ज्या पेटीतील पाचवा हिस्सा माल सदोष आहे, ती पेटी तीन नगांच्या तपासणीतून शंभरात सुमारे ४९ वेळा निर्दोष म्हणून सुटते. सहा नग तपासले तर ती सुमारे २१ वेळा सुटते आणि दहा तपासले तर सुमारे ४ वेळा.

मग अधिक नग तपासावेत म्हणजे झाले, असे वाटेल. परंतु माल देणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. समजा, २० नगांत केवळ एकच सदोष आहे आणि ‘एक जरी दोष निघाला तरी सगळी पेटी परत’ असा नियम आहे. तीन नग तपासले तर ही चांगली पेटी शंभरात १५ वेळा परत जाते; दहा तपासले तर ५० वेळा. छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने हा फरक महिन्याच्या पगाराचा असतो. दहा नगांत एक दोष चालेल असे ठरवले, तर ही पेटी कधीच परत जाणार नाही. मात्र चार दोषांची पेटीही सुमारे २९ वेळा सुटेल. घेणाऱ्याची जोखीम आणि देणाऱ्याची जोखीम अशा रीतीने एकमेकींत गुंतलेल्या आहेत. नमुन्याचा आकार व दोषांची मर्यादा दोन्ही पक्षांनी आधी बसून ठरवणे, हाच त्यावरचा न्याय्य उपाय होय.

हे सगळे गणित एका अटीवर उभे आहे : प्रत्येक गट हाती येण्याची शक्यता समान असली पाहिजे. पेटीच्या वरच्या थरातीलच नग उचलले, तर सूत्र बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीच्या पाहणीत असाच धोका दाखवून दिला होता. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर त्याच्या कडेवरची रोपे आत मोजली जातात आणि उत्पादन आहे त्याहून अधिक दिसते. नमुना कसा घेतला, हे तो किती घेतला याइतकेच महत्त्वाचे आहे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तपासणीच्या टेबलाच्या अलीकडे बसत असेल, कोणी पलीकडे. दोघांनीही तीन प्रश्न विचारावेत : पेटीत एकूण नग किती, नमुना किती व कसा घेतला, आणि किती दोषांपर्यंत माल स्वीकारला जाईल? पालकांनाही आमची विनंती आहे की, गणित अवघड म्हणून मुलामुलींना या विषयापासून दूर करू नये. वरील सगळी आकडेमोड गुणाकार, भागाकार व बेरीज एवढ्यावर होते. ती ज्याला येते, त्याला परत आलेल्या पेटीचा हिशेब मागता येतो.