आईची छाट आणि पोराचं बिलबुक

गेल्या जूनमध्ये एक पोरगा बिलबुक घेऊन माझ्या ऑफिसात आला. निपाणीचाच. बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर आहे, रविवारी गावाकडे येतो. बिलबुक नवं कोरं, वर त्याच्या नावापुढं ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ असं लाल अक्षरांत छापलेलं. आत बारा बिलं, बाराही एकाच कंपनीच्या नावे, प्रत्येक बावीस हजारांचं.

“काका, रिटर्न भरायचाय. टीडीएस कापलाय, परत मिळतोय म्हणत्यात.”

“लेथ कुणाचं?”

“कंपनीचं.”

“सुट्टी हवी झाली तर?”

“सुपरवायझरला इचारायचं.”

“आणि जॉब बिघडला तर?”

“पैसं कापत्यात.”

हे शेवटचं उत्तर ऐकलं आणि मला आईच्या मांडीवरचं सूप दिसलं.

माझी आई पस्तीस वर्षं विड्या वळत होती. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायची, तोंड नखानं आत दुमडायची. दिवसाला हजार विड्या झाल्या की पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून ठेकेदाराकडं. तो जुडी उचलायचा, डोळ्यांपुढं धरायचा आणि चार-पाच विड्या मोडून टाकायचा. ही छाट. तिचे पैसे नाहीत, तंबाखूही आपल्याच अंगावर. आई तिथं कधी बोलली नाही. घरी येऊन मात्र चुलीपुढं पुटपुटायची.

आता गंमत बघा. याच छाटीवरून न्यायालयानं ‘कामगार कोण’ हा प्रश्न सोडवला.

१९५८ साली चिंतामण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं विड्या करून देणाऱ्या सट्टेदारांना स्वतंत्र कंत्राटदार ठरवलं. ते कारखान्याचे कामगार नव्हेत. १९६१ मध्ये नागपूरच्या बिडी कारखान्याचं प्रकरण गेलं. तिथले लोक हवं तेव्हा येत-जात, नगावर पैसे घेत. तरी ते कामगारच ठरले. मग १९६६ चा बिडी-सिगार कामगार कायदा आला. त्यात घरी बसून वळणारीही कामगार धरली. पण त्याच कायद्यात एक बारीक दार उघडं राहिलं : स्वतःच्या घरात कुटुंबाच्या मदतीनं, स्वतःच्याच जिवावर विड्या करणाऱ्याला कायदा लागू नाही. झालं! कितीतरी ठिकाणी कागदावर बायका एका दिवसात ‘व्यापारी’ झाल्या. ठेकेदार त्यांना पान-तंबाखू ‘विकायचा’ आणि विड्या ‘विकत घ्यायचा’. अंगठा दोन्हीकडं बाईचाच.

१९७७ मध्ये बिडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, तेव्हा मालक म्हणाले, घरी वळणाऱ्या आमच्या नव्हेत. पी. एम. पटेल खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं तो मुद्दा उडवला. त्या घरी बसून का वळेनात, खराब माल नाकारायचा हक्क ज्याच्याकडं आहे त्याचा ताबा त्यांच्या कामावर आहे, म्हणजे तो त्यांचा मालक. आमच्या निपाणीला १९८१ चं तंबाखू आंदोलन आणि सहा एप्रिलचा गोळीबार तोंडपाठ आहे. या निकालाचं नाव मात्र ज्यांच्या घरात पेन्शन येते त्यांनाही माहीत नसतं.

परत त्या पोराकडं. दोन वर्षांपूर्वी तो त्याच कंपनीत पगारावर होता. मग राजीनामा लिहून घेतला आणि सांगितलं, तू आता कंत्राटदार, तुझा फायदाच आहे. फायदा काय, ते मी त्याला पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. वर्षाची बिलं २,६४,०००. कंत्राटदार व्यक्ती म्हणून एक टक्का टीडीएस, म्हणजे २,६४०. एवढ्या रकमेवर कर बसत नाही, म्हणून ते परत मिळतात आणि पोरगं खूश. पण एवढाच पगार असता तरी कर शून्यच होता! उलट पगारावर असताना १५,००० च्या मर्यादेवर कंपनीचे बारा टक्के, महिन्याला १,८०० जमा होत होते. वर्षाचे २१,६००. ते गेले. ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा हे मी मांडलंही नाही, कागद संपला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या तेव्हापासून माझ्याकडं अशी गर्दी वाढली आहे. वेतनाची व्याख्या रुंदावली, ठरावीक मुदतीच्या नोकरीलाही वर्षात ग्रॅच्युइटी आली. म्हणून मालकांना बिलबुकवाला माणूस अधिकच गोड वाटतो. दुसऱ्या बाजूला कंत्राटी कामगारांचा परवाना पूर्वी २० माणसांना लागायचा, आता ५० ला. माझ्या एका लेबर-ठेकेदाराकडं ३८ माणसं आहेत. त्यानं पेढे आणले. दुसऱ्याकडं ६४. तो विचारत होता, निम्मी बायकोच्या नावावर टाकली तर? मी त्याला चहा पाजला आणि वकिलाचं नाव दिलं. ते स्वतःच्या घरात विड्या करणाऱ्यांचं बारीक दार? तेही नव्या संहितेत जसंच्या तसं आलं आहे.

“मग मी कोण, काका? धंदेवाला का कामगार?”

मी म्हटलं, कागद काय म्हणतो ते सोड. गेटपासचा फोटो काढून ठेव, पंचिंगची नोंद ठेव, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नको. आईनं बिडीचं कार्ड पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवलं होतं. आज तिला महिन्याला हजार रुपये पेन्शन येते ती त्या कार्डामुळं.

त्यानं मान हलवली आणि माझ्याच टेबलावर तेरावं बिल लिहायला घेतलं. तपशिलाच्या रकान्यात लिहिलं : ‘टर्निंग जॉब, हजर दिवस २६’. मग थांबला.

“‘हजर दिवस’ खोडू का?”

“राहू दे,” मी म्हटलं. “कार्बन नीट लाव.”