टाकीवरच्या नावावर विसंबू नका!

समजा, इंग्लंडातील एका गृहस्थाने ‘बीएसए बँटम’ नावाची जुनी, हलकी मोटारसायकल विकत घेतली. विकणारा सांगतो, “ही पहिली, डी-१.” टाकीवर चिन्हही तसेच आहे. पण टाकी काय, चार बोल्ट काढले की बदलता येते! आता इंजिनासाठी नवा दट्ट्या (पिस्टन) मागवायचा आहे. मॉडेल चुकले तर पैसे पाण्यात. मग खरे मॉडेल ओळखायचे कसे?

बँटम म्हणजे लहान जातीचा कोंबडा. ही फटफटी १९४८ ते १९७१ या काळात निघत होती. मूळ आराखडा मात्र जर्मन, डीकेडब्ल्यू आरटी-१२५ या गाडीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो नुकसानभरपाई म्हणून ब्रिटनच्या हाती आला. बीएसएने तो आरशातील प्रतिमेसारखा डावा-उजवा फिरवला, कारण ब्रिटिश चालकांना गिअरचा दांडा उजव्या पायाशी लागे. याच जर्मन गाडीवरून अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने, रशियात ‘मॉस्क्वा’ने आणि १९५५ मध्ये जपानात यामाहाने आपापल्या गाड्या बेतल्या.

आता तुमचे व्हर्निअर कॅलिपर काढा. टू-स्ट्रोक इंजिनाच्या माथ्यात झडपा नसतात, त्यामुळे ते झाकणासारखे उचलता येते. आतील नळकांड्याचा व्यास मोजा आणि दट्ट्या खालून वर किती सरकतो तेही मोजा. ही धाव सर्व बँटममध्ये ५८ मिलिमीटरच आहे. म्हणजे तिच्यावरून मॉडेल कळणार नाही; बदलत गेला तो व्यास. डी-१ मध्ये तो ५२ मिलिमीटर, १९५४ च्या डी-३ मध्ये ५७ आणि १९५८ च्या डी-५ पासून पुढे ६१.५.

वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला पाठ आहेच. त्रिज्या २.६ सेंटिमीटर आणि उंची ५.८ घेतली की सुमारे १२३ घन सेंटिमीटर येतात. उरलेल्या दोन व्यासांची उत्तरे १४८ आणि १७२. स्वतः करून पाहा.

“पण झिजलेले नळकांडे कातून मोठे करतात ना?” असे कोणी हुशार विद्यार्थी विचारील. बरोबर आहे. डी-१ चा व्यास कातून ५३ झाला तर घनफळ १२८ होईल. १४८ पासून ते अजून पुष्कळ दूर आहे, म्हणून घोटाळा होत नाही.

समजा, आपल्या गृहस्थाला व्यास ६१.५ मिळाला. इंजिन डी-१ चे नाही, हे पक्के! आता चौकट पाहू. मागच्या चाकाला स्प्रिंगच नसेल, तर चौकट मात्र डी-१ ची. म्हणजे धड एका गाडीचे, काळीज दुसरीचे. जुन्या गाड्यांत हे नेहमीचेच.

तरी डी-५, डी-७, डी-१०, डी-१४/४ आणि बी-१७५ या सर्वांचा व्यास एकच! इथे कॅलिपर हात टेकते. मग गिअर मोजायचे (डी-१४/४ मधील ४ म्हणजे चार गिअर), आणि इंजिनावर व चौकटीवर ठोकलेले क्रमांक पुसून, भिंग लावून वाचायचे. दोन्ही क्रमांक वेगवेगळे टिपून घ्यावेत. दट्ट्या मागवताना इंजिनावरचाच कळवायचा.