अजस्र भोपळा आणि फवारणीचे पाणी

कॅनडा देशाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे निवडक बी राखून 'अटलांटिक जायंट' ही भोपळ्याची जात सिद्ध केली. डिल २००८ साली निवर्तले. परंतु स्पर्धेत उतरणारे बहुतेक सारे अजस्र भोपळे आजही त्याच वंशातले असतात. २०१२ साली अमेरिकेत रॉन वॉलेस यांच्या भोपळ्याने दोन हजार पौंडांची मर्यादा प्रथमच ओलांडली. २०२३ साली कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे ट्रॅव्हिस गिंगर यांचा भोपळा २,७४९ पौंड, म्हणजे सुमारे १,२४७ किलो भरला. आपल्याकडील बैलजोडीने असे ओझे पाहूनच मान फिरवली असती!

हे फळ पोसण्याची रीत मोठी कठोर आहे. एका वेलावर एकच फळ राखतात, बाकीची कोवळेपणीच खुडून टाकतात. ऐन भरात ते दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढते, आणि ही सारी कमाई पानांची असते. भुरी, मावा व भुंगेरे यांपासून पान वाचवावे म्हणून हे लोक फवारणी करतात. पण औषध चुकीचे मिसळले तर तेच पान करपते आणि सबंध हंगामाचे एकुलते एक फळ वाढायचे थांबते. आपल्या परसातील तांबड्या भोपळ्याला बक्षीस मिळवायचे नसते हे खरे, तथापि पान त्याचेही तितकेच नाजूक असते.

बहुतेक घोटाळे श्रम वाचवण्याच्या मोहातून होतात. कीटकनाशक, बुरशीनाशक, समुद्री शेवाळाचा अर्क आणि कॅल्शियमचे खत असे सारे एकाच पंपात ओतले की एका फेरीत काम उरकेल, असे वाटते. परंतु कॅल्शियमची गाठ सल्फेट वा फॉस्फेट असलेल्या पदार्थाशी पडली की त्यांचा न विरघळणारा साका बनतो, तो नोझलमध्ये अडकतो, आणि झाडाला ना खत मिळते ना औषध. गंधक आणि तेल यांचे तर वैरच आहे. गंधक फवारल्यावर निदान दोन आठवडे त्याच वेलावर तेलकट औषध मारू नये. शिवाय उन्हाचा पारा ३२ अंशांच्या वर असता एकटे गंधकही भोपळ्याच्या जातीचे पान भाजून काढते. आपल्याकडील एप्रिल-मे लक्षात घेता ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पाण्याकडे सहसा कोणी पाहत नाही. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर कित्येक कीटकनाशके टाकीतच निकामी होऊ लागतात. कार्बारिल हे औषध अमेरिकेतील बागाईतदारांच्या ओळखीचे आहे (भारतात २०१८ साली त्यावर बंदी आली). फार क्षारयुक्त पाण्यात त्याची निम्मी शक्ती एका दिवसात जाते. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण मारणाऱ्या गोव्यातील बागाईतदारांस याचे कारण सांगावयास नको. त्यातील चुन्यामुळे मिश्रण क्षारयुक्त होते, म्हणून मॅलॅथिऑनसारखे औषध त्यात घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. मोरचूद व चुना आपण वेगवेगळ्या, धातूच्या नव्हे अशा भांड्यांत भिजवतो आणि मगच एकत्र करतो. क्रम पाळण्याची शिस्त त्यातून आपल्या हाताला आहेच.

दोन औषधे मिसळण्यास वेष्टनावर स्पष्ट अनुमती असेल, तरच पुढे जावे. प्रथम अर्धी टाकी पाणी भरावे. पाण्यात कालवायची भुकटी आधी घालून नीट ढवळावी, नंतर दाट प्रवाही औषध, त्यानंतर पाण्यात पडताच दुधाळ होणारे तेलकट औषध, आणि चिकटण्यासाठीचे स्टिकर सर्वांत शेवटी. तेल आधी पडले तर भुकटीच्या गुठळ्या होतात व त्या सुटत नाहीत. मिश्रण नवे असेल तर काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडेसे करून अर्धा तास ठेवावे. ते फाटले, साका बसला किंवा बरणी ऊन लागू लागली, तर टाकी भरूच नये. ही बरणी पुन्हा लोणच्याला वापरायची नाही, हे घरातल्या सर्वांस सांगून ठेवावे.

आता माणसाविषयी. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. कापूस त्या वर्षी डोक्याएवढा वाढला होता, फवारा तोंडावर येत होता, आणि अनेक औषधे एकत्र मिसळली जात होती. भोपळ्याचा वेल जमिनीलगत, त्यामुळे येथे ओले होतात ते पाय. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत आणि विजार बुटांच्या आत खोचू नये, बाहेर सोडावी. नाही तर ओघळ आत उतरतात. रबरी हातमोजे मिसळतानाच अधिक हवेत, कारण बाटलीतले औषध टाकीतल्याहून कितीतरी तीव्र असते. वारा पाठीशी घ्यावा. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. डब्यावरील चौकोनाचा खालचा अर्धा भाग तांबडा असेल तर ते अतिजहाल विष होय. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. परसबागेसाठी तांबडा किंवा पिवळा डबा घरात आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटतात, आणि मधमाश्या तेवढ्याच वेळात येतात. तेव्हा फवारणी सायंकाळीच करावी. परदेशातील तो राक्षसी भोपळा कोणी खाण्यासाठी वाढवीत नाही. आपण मात्र फुलांची भजी करतो, कोवळ्या पानांची भाजी करतो. वेष्टनावर तोडणीपूर्वी थांबण्याचे जितके दिवस लिहिले असतील, तितके दिवस फळच नव्हे तर फूल आणि पानही खुडू नये. औषध भोपळ्याच्या फळासाठीच मान्य असेल, तर त्या वेलाची भाजी करूच नये.

रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी टाकीतच ओतावे, मग बाटलीला भोक पाडावे, म्हणजे कोणी तीत रॉकेल वा तेल भरणार नाही. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात न टाकता वेगळे धुवावेत. कोणास मळमळू लागले वा दृष्टी अंधुक झाली, तर लगेच रुग्णालय गाठावे आणि तो डबा वेष्टनासह डॉक्टरांपुढे ठेवावा.