पाय खरोखर लांब झाला, की तसा भासतो?

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या घरांना परकी राहिलेली नाही. १९६२ साली इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि उच्च घनतेच्या पॉलिथीनची वाटी यांचा मेळ घातला. तेव्हापासून असंख्य माणसे पुन्हा वेदनेवाचून चालू लागली. तथापि शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच एक तक्रार हमखास कानी येते : "दुखणे गेले खरे, पण हा पाय लांब झाला!" मग शस्त्रक्रिया फसली की काय, या धास्तीने सारे घर चिंतेत पडते. या शंकेचा उलगडा करावा, असे आम्हांस वाटते.

सांध्यातील कूर्चा झिजली की पाय किंचित आखूड होतो आणि भोवतालचे स्नायू आवळून येतात. रोगी वर्षानुवर्षे कंबर कलती ठेवून चालतो. शस्त्रक्रियेने पायाची लांबी पूर्ववत होते. स्नायूंची व पाठीच्या कण्याची जुनी सवय मात्र एका दिवसात सुटत नाही. कंबर त्या बाजूस खाली झुकली, म्हणजे दोन्ही पाय सारखे असूनही एक लांब भासतो. नियमित व्यायामाने हा भास बहुधा तीन ते सहा महिन्यांत ओसरतो.

कधी कधी लांबी खरोखरच वाढते. सांधा निखळू नये म्हणून स्नायू पुरेसे ताणलेले राहावेत, याकरिता शल्यचिकित्सकास तेवढी तडजोड करावी लागते. सुमारे एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना जाणवत नाही. याखेरीज खुब्यापासून घोट्यापर्यंतची भाररेषाही थोडी सरकू शकते. त्यामुळे गुडघ्यावरचा भार बदलतो आणि गुडघा दुखू लागल्यास त्याचे मूळ कधी खुब्यात सापडते.

फरक खरा की भासमान, हे उभे करून, आखूड पायाखाली ठरावीक जाडीच्या फळ्या ठेवून आणि क्ष-किरण चित्रावरून ठरविता येते. तोवर घाईने चपलेला जाड टाच लावू नये. तसे केल्यास कलती कंबर तशीच राहण्याचा संभव असतो. सहा महिन्यांनंतरही खरा फरक उरला व त्रास देऊ लागला, तर आखूड पायाच्या पादत्राणास डॉक्टरांच्या सल्ल्याने थर लावावा.

मात्र एकाएकी तीव्र कळ येऊन पाय आखूड झाला, आत वा बाहेर वळला आणि त्यावर भार देववेना, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. सांधा निखळल्याची किंवा हाड मोडल्याची ती खूण असू शकते. जेवणासाठी पाटावर बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे या आपल्या घरातील नित्याच्या गोष्टीही डॉक्टरांस विचारूनच कराव्यात.

वाचकांस आमची एकच विनंती : शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही पायांची मोजणी करून तिची नोंद मागून घ्यावी आणि पुढे पाय कसा वाटेल, हेही विचारून ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांस एवढे आधी ठाऊक असले, तर पहिले पाऊल टाकताना त्यांच्या मनात भीती राहणार नाही.